गच्चीवरच्या डिशमधून सौर फिलामेंट दिसेल का, आणि रेडिओत नेमकं काय दिसतं

डोंबिवलीच्या एका एम.एस्सी. विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे: उदयपूर सौर वेधशाळेच्या एच-अल्फा छायाचित्रात (हायड्रोजनच्या एका ठराविक लाल रेषेच्या प्रकाशात घेतलेल्या) सूर्याच्या तबकडीवर एक लांबच लांब काळी रेघ दिसली, ते फिलामेंट आहे असं समजलं. पावसाळ्यात मुंबईत सूर्य दिसायची मारामार आणि एच-अल्फा दुर्बीण परवडत नाही. तर गच्चीवर पडून असलेल्या साठ सेंटिमीटरच्या डीटीएच डिशमधून ते फिलामेंट रेडिओत टिपता येईल का? नसेल तर कशानं येईल? आणि एच-अल्फात मिळत नाही असं रेडिओत काय मिळतं? हाताशी एक सेमिस्टर आहे.

डिशनं फिलामेंट टिपता येणार नाही. पण याच विषयावर एका सेमिस्टरमध्ये, ढगांची पर्वा न करता, खरा अभ्यास होऊ शकतो. मी सौर रेडिओ प्रतिमांवर बरीच वर्षं काम करतो आहे, त्या अनुभवातून लिहितो.

आधी डिशचा हिशोब करू, कारण तो स्वतः केला की पुढचं पटतं. साठ सेंटिमीटरची डिश ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर तरंगलांबीवर, आकाशाचा साधारण तीन अंशांचा तुकडा एकदम टिपते. सूर्य अर्ध्या अंशाचा. म्हणजे अख्खा सूर्यच तुमच्या डिशला एक ठिपका आहे. आता चांगलं ऐसपैस फिलामेंट घ्या: ५०० आर्कसेकंद लांब, १५ आर्कसेकंद रुंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). सूर्यावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर, तेव्हा ही लांबी साडेतीन लाख किलोमीटरच्या वर गेली. तरीही त्याचं क्षेत्रफळ तबकडीच्या फक्त ०.२६ टक्के भरतं. ते आजूबाजूपेक्षा १५ टक्क्यांनी थंड दिसलं तर एकूण सिग्नलमध्ये फरक पडेल ०.०४ टक्के. एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल वाढवणारा डबा) उन्हात तापला की त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण, याच्या कितीतरी पट हलतो. हा फरक त्या हलण्यात बुडून जाणार, कितीही वेळ सरासरी काढली तरी.

डिश टाकून मात्र देऊ नका. सूर्य तिच्यासमोरून सरकताना सिग्नल कसा चढतो-उतरतो हे नोंदवणं शिकण्यासारखं आहे. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहांच्या मागे येतो आणि दुपारी काही मिनिटं टीव्हीचं चित्र जातं, ते याच सूर्याच्या रेडिओ गोंगाटामुळे. मोठी सौरज्वाला झाली तर तीही अशा डिशला जाणवू शकते. पण फिलामेंटचा तपशील पाहायला डिशचा व्यास, किंवा एकमेकींना जोडलेल्या डिशमधलं अंतर, शेकडो मीटर लागतं.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘फिलामेंट रेडिओत दिसतं का’ असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. कोणत्या वारंवारतेवर, हे सोबत यावंच लागतं, कारण वारंवारता बदलली की आपण पाहत असलेली वस्तूच बदलते.

फिलामेंट म्हणजे सुमारे ८,००० केल्विनचा, दाट, थंड प्लाझ्मा (विद्युतभारित वायू), जो दहा-वीस लाख केल्विनच्या प्रभामंडलात, म्हणजे सूर्याच्या सगळ्यात बाहेरच्या विरळ वातावरणात, चुंबकीय क्षेत्राच्या आधारानं तरंगत असतो. सूर्यावरच्या धन आणि ऋण चुंबकीय प्रदेशांच्या सीमारेषेवर तो उभा राहतो. तबकडीसमोर असताना तो काळा दिसतो आणि आपण त्याला फिलामेंट म्हणतो. फिरत फिरत कडेला आला की काळ्या आकाशासमोर उजळ दिसतो आणि त्याला प्रॉमिनन्स म्हणतात. वस्तू तीच.

शांत सूर्याचं रेडिओ उत्सर्जन मुख्यतः इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना वळतात त्यातून होतं. या उत्सर्जनाची सोय अशी की मोजलेली तीव्रता थेट तापमानाच्या प्रमाणात असते. प्लाझ्मा त्या वारंवारतेला अपारदर्शक असेल तर मोजलेलं तापमान हेच त्या थराचं इलेक्ट्रॉन तापमान. पारदर्शक असेल तर मागचं दिसतं. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात गाडी चालवताना नजर किती लांब पोचेल हे धुक्याच्या दाटपणावर ठरतं, तसं इथे नजर किती खोल जाईल हे प्लाझ्माच्या दाटपणासोबत तुमच्या वारंवारतेवरही ठरतं. ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे अपारदर्शकतेचं माप (एकाहून बरंच जास्त तर अपारदर्शक, बरंच कमी तर पारदर्शक), घनतेच्या वर्गानं आणि जाडीच्या प्रमाणात वाढते, वारंवारतेच्या वर्गानं कमी होते, आणि तापमानाच्या दीड घातानं कमी होते. या सगळ्या विषयात एकच सूत्र पाठ करायचं असेल तर हे करा.

आकडे घालून बघा. फिलामेंटची घनता दर घन सेंटिमीटरला एक हजार कोटी इलेक्ट्रॉन, तापमान ८,००० केल्विन, जाडी ५,००० किलोमीटर धरली तर १७ गिगाहर्ट्झला ऑप्टिकल डेप्थ वीसच्या जवळपास येते: पूर्ण अपारदर्शक. तेच फिलामेंट १०० गिगाहर्ट्झला अर्ध्याच्याही खाली येतं: बऱ्यापैकी पारदर्शक. म्हणून १७ गिगाहर्ट्झला तुम्ही त्याच्या पृष्ठभागाचं तापमान मोजता, आणि १०० गिगाहर्ट्झला त्याच्या आरपार पाहत त्यात एकूण द्रव्य किती आहे याचा माग काढता. चिलीमध्ये पाच हजार मीटर उंचीवर असलेली अल्मा ही दुर्बीणमालिका २०१६ पासून नियमित सूर्यनिरीक्षण करते, आणि तिच्या १०० व २३९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत हे करता येतं. पण तिथला डेटा हाताळणं एका सेमिस्टरचं काम नाही आणि तिचं दृष्टिक्षेत्रही सूर्याच्या एका कोपऱ्यापुरतं असतं.

उलट टोकाला, मीटर लांबीच्या लहरी. इथे प्लाझ्माची स्वतःची वारंवारता आडवी येते: घनतेच्या वर्गमुळाला ९ किलोहर्ट्झनं गुणा, त्याखालची लहर त्या प्लाझ्मातून बाहेरच पडत नाही. दर घन सेंटिमीटरला दहा कोटी इलेक्ट्रॉन असतील तर ही मर्यादा ९० मेगाहर्ट्झ. म्हणजे शंभरेक मेगाहर्ट्झवर आपली नजर प्रभामंडलाच्या बऱ्याच वरच्या थरातच अडते आणि फिलामेंट तर त्याच्या खाली असतं. फ्रान्समधल्या नॉन्से इथल्या रेडिओहेलिओग्राफची (सूर्याच्या रेडिओ प्रतिमा काढणाऱ्या दुर्बीणमालिकेची) निरीक्षणं १५० ते ४५० मेगाहर्ट्झची आहेत. या पट्ट्यात फिलामेंटच्या जागी तेजाचा खळगा दिसतो, पण तो एच-अल्फातल्या रेघेपेक्षा खूप रुंद असतो. तो मुख्यतः फिलामेंटचा नसून त्याच्याभोवतीच्या विरळ पोकळीचा असतो. तिथली घनता कमी, म्हणून उत्सर्जन कमी. ही पोकळी महत्त्वाची आहे, कारण उद्रेकाच्या वेळी फिलामेंटसोबत तीही उठते. पण या खळग्याला फिलामेंट समजून त्याची रुंदी मोजणारे अहवाल मी विद्यार्थ्यांकडून वारंवार पाहतो, म्हणून इथे जोर देऊन सांगतो आहे.

इथवरचं एकत्र ठेवतो: थंड गाभा पाहायचा तर १० ते ३५ गिगाहर्ट्झ, गाभ्यातलं द्रव्य मोजायचं तर १०० गिगाहर्ट्झ आणि वर, भोवतीची पोकळी पाहायची तर काहीशे मेगाहर्ट्झ. उद्रेकाचा प्रभामंडलावरचा परिणाम पाहायचा तर त्याहून खाली, आणि तेही प्रतिमेपेक्षा वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेवर कधी किती सिग्नल आला याच्या नोंदीत.

रेडिओत जास्तीचं काय मिळतं? तीन गोष्टी, पण तिन्ही सारख्या वजनाच्या नाहीत. ढगांतून दिसतं, हे खरं, पण ती सोय झाली. तापमान थेट मिळतं, हे मोठं. एच-अल्फा रेषेचा काळेपणा तापमान, घनता, खालून येणारा प्रकाश अशा अनेक गोष्टींवर गुंतागुंतीनं ठरतो. त्यातून तापमान काढायला मॉडेल लागतं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिसरी गोष्ट. एच-अल्फाचा फिल्टर साधारण अर्ध्या अँगस्ट्रॉमचा असतो, म्हणजे रेषेभोवतीच्या तेवढ्याच अरुंद पट्ट्यातला प्रकाश आत घेतो (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). फिलामेंट आपल्या दिशेनं सेकंदाला २३ किलोमीटर वेगानं निघालं की डॉप्लर परिणामानं त्याची रेषा अर्धा अँगस्ट्रॉम सरकते आणि ते फिल्टरबाहेर जातं. उद्रेकात वेग याच्या अनेक पट असतात. म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या क्षणी फिलामेंट चित्रातून गायब होतं, आणि ते तापून नाहीसं झालं, निथळून खाली आलं की नुसतं पळालं, हे एका फिल्टरच्या चित्रावरून सांगता येत नाही. रेडिओ उत्सर्जन रेषेत नसतं, अखंड पट्ट्यात असतं. वेग कितीही असो, फिलामेंट रेडिओच्या नजरेतून असं निसटत नाही.

इथे एक सापळा आहे. उद्रेकात प्रॉमिनन्स वर जाताना १७ गिगाहर्ट्झवर फिका होत जातो, आणि पाहणारा म्हणतो, थंड झाला. आपल्या सूत्रात घालून पाहा. तो तिन्ही दिशांनी दुप्पट फुगला तर घनता आठपट घटली, घनतेचा वर्ग चौसष्टपट घटला, जाडी मात्र दुप्पट झाली: ऑप्टिकल डेप्थ बत्तीसपट कमी. वीसवरून ०.६ वर. तापमान तसंच राहूनही तो फिका दिसणारच, कारण तो पारदर्शक झाला. हा फरक ओळखायला दोन वारंवारता एकाच वेळी लागतात, १७ आणि ३४ गिगाहर्ट्झ. दोन्हीकडे सारखंच तापमान आलं तर तो अजून अपारदर्शक आहे; ३४ वरचं तापमान १७ वरच्याच्या चौथ्या हिश्श्याकडे झुकायला लागलं की पारदर्शक होत चालला आहे.

तर प्रकल्प. जपानमधल्या नोबेयामा रेडिओहेलिओग्राफनं १९९२ पासून मार्च २०२० पर्यंत सूर्य रोज पाहिला: ८० सेंटिमीटरच्या ८४ डिश, १७ गिगाहर्ट्झ, आणि १९९६ पासून ३४ गिगाहर्ट्झही. (तुमच्या डिशपेक्षा फार मोठ्या नाहीत, बघा, सगळी ताकद त्यांना शिस्तीत मांडून जोडण्यात आहे.) १७ गिगाहर्ट्झला विभेदनक्षमता (किती बारीक तपशील वेगळा दिसतो ते) सुमारे १० आर्कसेकंद. डेटा खुला आहे. दुसरीकडे गाँग या सौर दुर्बिणींच्या जागतिक जाळ्याच्या एच-अल्फा प्रतिमा २०१० पासून मिळतात आणि त्यात उदयपूर आहे, ऑस्ट्रेलियातलं लिअरमंथही आहे. म्हणजे २०१० ते २०२० ही दहा वर्षं दोन्हींच्या सामाईक. सौरचक्र २४ चा (सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या सक्रियतेच्या चक्रांपैकी २४ व्याचा) शिखरकाळ त्यातच आला, त्यामुळे फिलामेंटांची वाण नाही. नोबेयामाचा दिवस आपल्या घड्याळानं दुपारी बाराच्या सुमाराला संपतो, तेव्हा उदयपूरचं सकाळी सात ते बाराचं निरीक्षण त्याच्याशी जुळतं. पावसाळ्यात उदयपूरलाही ढग; तेव्हा लिअरमंथ घ्या. सगळ्या नोंदी जागतिक वेळेत असतात, साडेपाच तासांचा फरक पहिल्या दिवसापासून वहीवर लिहून ठेवा.

सुरुवात तबकडीवरच्या फिलामेंटनं करू नका, कडेच्या प्रॉमिनन्सनं करा. कारण साधं आहे. १७ गिगाहर्ट्झला शांत तबकडी सुमारे १०,००० केल्विन दिसते. तिच्यासमोर ८,००० ते ९,००० केल्विनचं फिलामेंट म्हणजे दहा-वीस टक्क्यांचा फरक, जो एकेका प्रतिमेच्या गोंगाटात पुसट होतो. त्यासाठी अनेक प्रतिमा जुळवून सरासरी काढावी लागते. कडेबाहेर मात्र मागचं प्रभामंडल १७ गिगाहर्ट्झला जवळजवळ पारदर्शक असतं आणि काही शे केल्विनच दाखवतं. त्यासमोर तोच प्लाझ्मा लखलखीत उठून दिसतो. आधी तिथे हात बसवा, मग तबकडीवर या.

निवड करताना सौरडागांपासून लांबचं, शांत फिलामेंट घ्या. डागांवर २,००० गॉसच्या (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन १७ गिगाहर्ट्झला फार तेजस्वी दिसतात आणि त्यांच्या प्रतिमेचे खोटे पडसाद शेजारच्या फिकट फिलामेंटवर पडतात. ध्रुवांजवळची लांब फिलामेंटं या दृष्टीनं बरी, पण ध्रुवांवर १७ गिगाहर्ट्झला मुळातच उजळपणा असतो, तो पार्श्वभूमी ठरवताना गोंधळ घालतो. मधल्या अक्षांशांवरचं, डागांपासून सुटं असलेलं फिलामेंट मिळालं तर ते पहिल्यांदा घ्या.

नोबेयामाच्या प्रतिमांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. त्यांत शांत तबकडीची पातळी १०,००० केल्विन धरून बाकीचं मोजमाप बसवलेलं असतं. त्यामुळे ‘फिलामेंटचं तापमान ८,४०० केल्विन निघालं’ असं लिहिताना खरं म्हणजे ‘तबकडीच्या ०.८४ पट’ एवढंच तुम्ही मोजलेलं असतं. अहवालात गुणोत्तर लिहा, केल्विन नंतर. परीक्षकाला हे वाक्य दिसलं की तुम्हाला विषय कळला हे त्याला कळेल.

चुंबकीय क्षेत्र मोजायचा मोह होईल, कारण नोबेयामाच्या प्रतिमांत वर्तुळाकार ध्रुवणही (लहरीची कंपनदिशा गोल फिरत असल्याचं प्रमाण) मिळतं. पण दहा गॉसच्या क्षेत्रात १७ गिगाहर्ट्झला ध्रुवण अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतं, आणि एकसारख्या तापमानाच्या, पूर्ण अपारदर्शक प्लाझ्मात तर ते नाहीसंच होतं. एका सेमिस्टरमध्ये या वाटेला जाऊ नका.

उद्रेकाचा भाग जोडायचा असेल तर ई-कॅलिस्टो या सौर रेडिओ वर्णपटमापकांच्या जागतिक जाळ्याचे वर्णपट घ्या. ऊटी आणि गौरीबिदनूर इथे त्यांची उपकरणं आहेत. पंधरा-पंधरा मिनिटांच्या फिट्स (खगोलशास्त्रातलं प्रमाण फाइलरूप) फाइल मोफत मिळतात आणि पायथनमध्ये सहज उघडतात. त्यांत टाइप २ स्फोट म्हणजे उद्रेकापुढे धावणाऱ्या धक्कालहरीची खूण, आणि टाइप ४ म्हणजे चुंबकीय कमानींत अडकलेल्या इलेक्ट्रॉनांचं रेंगाळणारं उत्सर्जन. दोन्ही खुद्द फिलामेंटच्या थंड द्रव्याची चित्रं नाहीत. टाइप २ वरून वेग काढताना घनतेचं एखादं मॉडेल धरावं लागतं आणि मॉडेल बदललं की वेगही बदलतो, म्हणून किमान दोन मॉडेलांनी काढून दोन्ही आकडे द्या. शांत प्रदेशातली अनेक फिलामेंटं यातलं काहीच न करता निघून जातात, तेव्हा वर्णपट कोरा दिसला म्हणून घाबरू नका.

जीएमआरटीबद्दल (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) कुणीतरी सुचवेलच. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, जगातल्या मोठ्या दुर्बीणमालिकांपैकी एक, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला तिथे अवश्य जा. पण त्यातल्या सगळ्यात जवळच्या डिशमधलं अंतरही शंभर मीटरच्या घरात आहे, त्यामुळे १४०० मेगाहर्ट्झला सात-आठ आर्कमिनिटांपेक्षा मोठी रचना तिला जाणवतच नाही. ३२ आर्कमिनिटांचा सूर्य आणि त्यावरचा पसरट, फिकट खळगा ही तिच्यासाठी अवघड वस्तू आहे. वेळेसाठी प्रस्तावही द्यावा लागतो. पीएच.डी.ला विचार करा.

तुम्ही डोंबिवलीचे म्हणून हेही सांगतो. तुमच्या शेजारच्या कल्याणला १९६५ मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीआयएफआरमधल्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) तरुण सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या, जेमतेम पावणेदोन मीटरच्या ३२ डिश मांडून सूर्यच पाहिला होता, ६१० मेगाहर्ट्झवर. पूर्व-पश्चिम ओळ ६३० मीटरची. तरंगलांबी भागिले अंतर करून पाहा: पावणेतीन आर्कमिनिटं, सूर्याच्या व्यासाचा बारावा हिस्सा. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची मोठी परंपरा तिथून उभी राहिली, आणि डोंबिवली-कल्याणच्या किती विद्यार्थ्यांना हे कुणी सांगितलेलं असतं? मला याची खंत आहे, म्हणून संधी मिळेल तिथे सांगतो.

किती पुढे जाल हे दोन गोष्टींवर आहे: पायथन कितपत येतं, आणि महाविद्यालयात सूर्याचं नसलं तरी प्रतिमाप्रक्रियेचं कुणी जाणतं आहे का. सनपाय हे सौर डेटा हाताळणारं पायथन पॅकेज बसवा, २०११ ते २०१४ मधला एक प्रॉमिनन्स निवडा आणि एच-अल्फा व १७ गिगाहर्ट्झची प्रतिमा एकमेकींवर बसवा. दोन्ही एकाच वेळेच्या असू द्या. सूर्य फिरतो, आणि तबकडीच्या मध्यावर तासाभरात सुमारे नऊ आर्कसेकंद सरकतो, म्हणजे नोबेयामाच्या विभेदनक्षमतेइतका. जुळवताना रेडिओ तबकडी दृश्य तबकडीपेक्षा एक-दोन टक्के मोठी दिसेल. ती चूक नाही, १७ गिगाहर्ट्झचं उत्सर्जन वर्णगोलाच्या, म्हणजे दृश्य पृष्ठभागावरच्या थराच्या, वरच्या भागातून येतं. तेव्हा कडा जुळाव्यात म्हणून रेडिओ प्रतिमा आक्रसू नका. केंद्रं जुळवा, आणि कडा जिथे पडतील तिथे पडू द्या.